'कागजां चोख हैं' म्हणून गप्प बसायचं?

भोरमध्ये मी गेली आठ वर्षं लोकांचे फॉर्म भरून देतो. उत्पन्नाचा दाखला, रहिवासी दाखला, आधारमधली चुकलेली जन्मतारीख, रेशनकार्डात नव्या सुनेचं नाव. 'तांबोळ्याच्या पोराकडं जा, कागदं नीट करून देतो,' असं लोक एकमेकांना सांगतात. कागद म्हणजे काय आणि कागद नसणं म्हणजे काय, हे मला या टेबलावर बसून कळलंय.

गेल्या वर्षी नसरापूरहून एक जण आला. चांगलं मराठी बोलत होता. मी त्याला परभणी-नांदेडकडचा समजलो.

"सलग वास्तव्याचा पुरावा म्हणजे नक्की काय काय लागतं?"

"किती वर्षांचा पाहिजे?"

"बारा."

"कशासाठी?"

"नागरिक व्हायचंय."

तो अफगाण आहे. हजारा, शिया. २०११ साली पुण्यात कॉलेजला आला. शिक्षण झालं, आणखी एक पदवी झाली. १५ ऑगस्ट २०२१ ला तालिबान काबूलमध्ये शिरलं आणि परत जायला घर उरलं नाही. आईवडील इराणमध्ये मशहदला पळाले. शहरातलं भाडं परवडेना म्हणून तो सरकत सरकत नसरापूरला आला. नाव लिहीत नाही, काम काय करतो तेही लिहीत नाही.

त्याची फाइल मी तीन तास चाळली. कॉलेजच्या फीच्या पावत्या, पोलिसांकडच्या परदेशी नागरिक नोंदणीचे कागद, बँकेची पासबुकं. बारा वर्षांत सहा पत्ते: कोंढवा, पुन्हा कोंढवा, कात्रज, धनकवडी, आंबेगाव, नसरापूर. सहांपैकी फक्त दोन घरांचा भाडेकरार. आणि मध्ये एक खिंडार. विद्यार्थी व्हिसा संपला आणि पुढचा मिळाला, या दोन तारखांमध्ये आठ महिने. त्याने अर्ज वेळेवर केला होता. कागद वेळेवर आला नाही.

कायदा काय म्हणतो ते आधी सरळ सांगतो, कारण आपल्यातल्या फार थोड्यांनी तो वाचलाय. १९५५ च्या नागरिकत्व कायद्याप्रमाणे परदेशी माणसाला अर्ज करून भारतीय व्हायचं असेल, तर अर्जाच्या आधीचे बारा महिने त्याने सलग इथे राहिलेलं असावं लागतं. त्या बारा महिन्यांच्या आधीच्या चौदा वर्षांत मिळून अकरा वर्षं इथली असावी लागतात. चारित्र्य चांगलं हवं, आणि राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतली एक भाषा यायला हवी. मराठी त्यात आहे. भाषेच्या परीक्षेत हा माणूस आपल्या मोहल्ल्यातल्या निम्म्या पोरांना मागे टाकेल.

पण याच कायद्यात 'बेकायदा स्थलांतरित' अशी एक व्याख्या आहे. परवान्याची मुदत संपल्यावरही जो थांबला, तो बेकायदा स्थलांतरित. आणि बेकायदा स्थलांतरिताला नागरिकत्वाचा अर्ज करता येत नाही. एका कचेरीत त्याला तोंडी सांगण्यात आलं होतं, की त्या आठ महिन्यांमुळे बाराच्या बारा वर्षं धोक्यात आहेत.

मशहदला त्याचे वडील वारले, तेव्हा तो मयतीला गेला नाही. सलग बारा महिने तुटतील म्हणून, आणि एकदा बाहेर पडल्यावर परत येऊ देतील याची खात्री नव्हती म्हणून. मय्यत त्याने मोबाइलवर पाहिली. ज्या सलगतेसाठी बापाच्या मातीला गेला नाही, ती सलगता कागदावर आधीच तुटलेली होती, हे त्याला नंतर कळलं.

आता दुसरा दरवाजा बघा. २०१९ साली कायद्यात दुरुस्ती झाली. ११ मार्च २०२४ ला तिचे नियम निघाले. अफगाणिस्तान, बांगलादेश आणि पाकिस्तानातून ३१ डिसेंबर २०१४ पर्यंत आलेले हिंदू, शीख, बौद्ध, जैन, पारशी आणि ख्रिश्चन यांना बेकायदा स्थलांतरित मानायचं नाही. त्यांना अकराऐवजी पाच वर्षं पुरतात. पुराव्यांची यादीही ऐसपैस आहे. त्या तारखेआधी भारतात आल्याचा पुरावा म्हणून वीस प्रकारचे कागद चालतात: रेशनकार्ड, विजेचं बिल, शाळेचा दाखला, बँकेचं किंवा पोस्टाचं खातं, विम्याची पॉलिसी, नोंदवलेला भाडेकरार. गावातल्या लोकप्रतिनिधीने दिलेला दाखलासुद्धा चालतो. कागदाची मुदत संपलेली असली तरी चालतो.

म्हणजे माझ्यासमोर बसलेल्या माणसाचा काबूलमधला शीख शेजारी त्याच वर्षी, त्याच विमानाने आला असता, त्याच सहा खोल्यांत राहिला असता, त्याच्याही व्हिशात तेच आठ महिन्यांचं खिंडार असतं, तर एका वीजबिलावर त्याचं काम पुढे सरकलं असतं.

त्या शीख शेजाऱ्याला नागरिकत्व मिळालं तर मला आनंदच आहे. मार्च २०२० मध्ये काबूलच्या गुरुद्वारात घुसून प्रार्थनेला जमलेल्या शिखांना मारलं. मे २०२० मध्ये त्याच काबूलमध्ये, दश्त-ए-बर्ची या हजारा वस्तीतल्या दवाखान्याच्या प्रसूतिगृहात घुसून बाळंतिणींना मारलं. एकाच शहरात, दोन महिन्यांच्या अंतराने. पहिल्या घटनेतून वाचलेल्याला भारताने छळलेला मानायचं आणि दुसऱ्या घटनेतून वाचलेल्याला घुसखोर? माझं भांडण शीख शेजाऱ्याला मिळणाऱ्या सवलतीशी नाही. ती सवलत देताना धर्माचा रकाना का बघितला, एवढाच माझा सवाल आहे.

यावर ठरलेलं उत्तर येतं: सुरक्षेचा प्रश्न आहे. मग विचार करा. जो माणूस बारा वर्षं पोलिसांकडे स्वतःची नोंद करतो, पत्ता बदलला की कळवतो, आणि शेवटी स्वतःच्या पायाने येऊन 'माझी चौकशी करा आणि मला तुमच्यात घ्या' असं म्हणतो, तो लपलेला आहे का? ज्याला लपायचं असतं तो अर्ज करत नाही. चौकशी करा. कसून करा. चारित्र्य तपासा, गुन्हे तपासा. पण चौकशी माणसाची करा. त्याच्या कलम्याची नको.

दुसरं उत्तर येतं: या तीन देशांत मुसलमान बहुसंख्य आहेत, त्यांना कोण छळणार? हे म्हणणाऱ्याने हजारांचा इतिहास वाचलेला नाही, पाकिस्तानातल्या अहमदियांचं काय झालं ते ऐकलेलं नाही, आणि तालिबानने शाळेतून घरी पाठवलेल्या मुलींचा धर्म कोणता, हा प्रश्न स्वतःला विचारलेला नाही.

या देशाची सुरुवात अशी नव्हती. राज्यघटनेचं पाचवं आणि सहावं कलम काढून बघा. फाळणीचं रक्त वाळलं नव्हतं, तेव्हा ही कलमं लिहिली गेली. तिकडून आलेल्यांसाठी १९ जुलै १९४८ ही तारीख ठरली. त्याआधी आला आणि तेव्हापासून इथे राहिला, तर तो नागरिक. त्यानंतर आला, तर किमान सहा महिने राहून नोंदणी करायची. कलमात धर्माचा उल्लेख नाही. सिंधमधून अंगावरच्या कपड्यांनिशी आलेली माणसं पुण्याजवळ पिंपरीच्या कँपात राहिली, कल्याणजवळच्या छावणीत राहिली, तिचं पुढे उल्हासनगर झालं. त्यांच्याकडे भाडेकरार नव्हते. आज पिंपरीच्या बाजारात फिरताना कुणाला त्यांच्या कागदांची आठवण तरी येते का?

तो काळ सोन्याचा होता, असंही मी म्हणत नाही. सातवं कलम होतंच. १ मार्च १९४७ नंतर तिकडे गेलेल्याला परत येऊन नागरिक व्हायचं, तर पुनर्वसनाचा परवाना लागायचा. त्याचा फटका घाबरून गेलेल्या आणि घर आठवून परत आलेल्या मुसलमानांना बसला. पण तेव्हा भेदभाव आडून यायचा. २०१९ साली तो कायद्याच्या ओळीत धर्मांची नावं लिहून आला. आडून येणाऱ्याशी कोर्टात भांडता येतं. कायद्यात लिहिलेल्याशी भांडायचं, तर कायद्यालाच आव्हान द्यावं लागतं.

आता माझ्या घरातलं ऐका. या माणसाबद्दल मी अब्बांना सांगितलं. ते म्हणाले, "अपने कागजां चोख हैं ना? बस्स. दुसरे के लफडे में नक्को पडो."

अब्बांवर माझा राग नाही. पण हे वाक्य मी शंभर घरांत ऐकलंय, आणि या लेखाचं खरं भांडण या वाक्याशी आहे.

आपले कागद चोख आहेत? माझ्या ओबीसी दाखल्याची गोष्ट सांगतो. या दाखल्यासाठी महाराष्ट्रात १३ ऑक्टोबर १९६७ च्या आधीचा पुरावा लागतो. आमची पानाची गादी भोरमध्ये तीन पिढ्यांची. पण दादांच्या शाळेच्या नोंदीत जातीच्या रकान्यात 'तांबोळी' नाही, नुसतं 'मुसलमान' लिहिलेलं. मास्तरांना पुढचं विचारावंसं वाटलं नाही. त्या एका शब्दापायी मी दीड वर्ष हेलपाटे घातले. जुनी नोंद मोडीत निघाली, तर मोडी वाचणारा शोधा. वाचणारा मिळाला, तर त्याचं वाचन प्रमाणित करा. आमचे दादा जन्मले तेव्हा भोर हे पंतसचिवांचं संस्थान होतं. ८ मार्च १९४८ ला ते मुंबई प्रांतात विलीन झालं. पुढे द्विभाषिक मुंबई राज्य, १९६० ला महाराष्ट्र. दादा गादीवरून उठले नाहीत. त्यांच्यावरून तीन राज्यं गेली. आणि पुरावा कुणाकडे मागायचा? दादांकडे!

वेल्ह्याचंही तेच. २०२४ साली सरकारने वेल्हे तालुक्याचं नाव राजगड करायचं ठरवलं. नावाला माझी हरकत नाही. राजगडाचा अभिमान आम्हालाही आहे. पण माझ्या टेबलावर येणाऱ्या म्हातारीच्या जुन्या कागदावर वेल्हे असतं, नव्यावर राजगड. सरकार अख्ख्या तालुक्याचं नाव एका कागदाने बदलू शकतं. म्हातारीच्या नावात एका ठिकाणी 'शेख' आणि दुसऱ्या ठिकाणी 'सेख' पडलं, तर मात्र तिने प्रतिज्ञापत्र करायचं.

आणि कागद टिकतात तरी कुठे? भाटघर, नीरा-देवघर, पानशेत, वरसगाव, गुंजवणी. आमच्या दोन तालुक्यांत धरणं मोजावीत तेवढी थोडी. पाण्याखाली गावं गेली, चावड्या गेल्या, कबरस्तानं गेली. वेल्ह्यातलं पानशेत १२ जुलै १९६१ ला फुटलं आणि पुण्यातल्या नदीकाठच्या पेठा वाहून गेल्या. माझ्या दादीचं माहेर तिथलं. तिच्या घरातला पत्र्याचा डबा गेला. त्यात तिच्या आईबापाचा निकाहनामा होता. मरेपर्यंत तिला त्या डब्याची हळहळ वाटायची. धरण सरकारचं, फुटलं ते सरकारचं, आणि पुरावा नाही म्हणून दोष डब्याचा.

आमच्याहून वाईट हाल कातकऱ्यांचे. या डोंगरांत त्यांच्याइतकं जुनं कोण आहे? पण वर्षातले कित्येक महिने ते वीटभट्टीवर असतात. गावात यायचं ते पावसाळ्यापुरतं. अनुसूचित जमातीच्या दाखल्याला ६ सप्टेंबर १९५० च्या आधीचा पुरावा मागतात. सातबारा नाही, शाळा नाही, घरपट्टी नाही. त्या माणसाने सलग वास्तव्य दाखवायचं कसं?

म्हणून माझं म्हणणं असं आहे, की 'सलग वास्तव्य' ही माणसाची परीक्षा राहिलेली नाही. ती मालमत्तेची परीक्षा झाली आहे. ज्याचं स्वतःचं घर, ज्याच्या नावावर वीजबिल, ज्याच्या बापाचा सातबारा, तो सलग. भाड्याने राहणारा, हंगामाला जाणारा, धरणाने उठवलेला, युद्धाने पळवलेला, तो तुटक. राहिला असेल जन्मभर, पण कागदावर तुटक. आसाममध्ये ३१ ऑगस्ट २०१९ ला नागरिक नोंदणीची यादी लागली, तेव्हा १९ लाखांवर माणसं बाहेर राहिली. त्यात मुसलमान होते आणि हिंदूही होते. लग्न होऊन दुसऱ्या गावी गेलेल्या बायकांना बापाशी नातं दाखवणारा कागद मिळेना. आपले कागद चोख आहेत, असं त्यांनाही वाटलं होतं.

आणि चोख कागद असूनही काय होतं, ते पुण्यात दिसलंय. जुलै २०२५ मध्ये चंदननगरला कारगिलच्या लढाईत लढलेल्या जवानाच्या कुटुंबाच्या घरात रात्री जमाव शिरला आणि नागरिकत्वाचे पुरावे मागितले, अशी त्या कुटुंबाची तक्रार आहे. वेल्ह्याला लागून असलेल्या मुळशीत, पिरंगुट-घोटवड्याकडे त्याच वर्षी बाहेरच्या मुसलमानांनी मशिदीत नमाजाला येऊ नये, असे फलक लागले. बाहेरचा कोण? पलीकडच्या तालुक्यातला मी? आज निर्वासिताला विचारलेला प्रश्न उद्या शेजारच्या गावातल्याला विचारला जातो. म्हणून त्याच्या बाजूने उभं राहणं ही मेहरबानी नाही. त्यात आपलाही जीव अडकलेला आहे.

पण फक्त सरकारला बोलून मी थांबणार नाही. त्या माणसाच्या सहा घरमालकांपैकी चार जण आपलेच, कलमा पढणारे होते. चौघांनीही करार केला नाही. एकाला नोंदणीचा खर्च वाचवायचा होता, एकाला घरपट्टी वाढण्याची भीती होती, एक म्हणाला, "परदेशी माणूस, पोलिसांचं झंझट कशाला." परदेशी माणूस घरात ठेवला तर २४ तासांत कळवायचं असतं, तो फॉर्म कुणी भरलाच नाही. भाडं मात्र चौघांनीही दर महिन्याला रोख घेतलं, चारचौघांपेक्षा जास्त घेतलं. त्याच्या आयुष्यातली वर्षं कागदावरून कुणी पुसली? दिल्लीने पुसली, तशी आपल्या मोहल्ल्यानेही पुसली.

जुम्म्याला आपण हिजरतीचं बयान ऐकतो. मदिनेच्या अन्सारांनी मक्केहून आलेल्यांना घर दिलं, मालात वाटा दिला. त्याही आधी हबशाच्या ख्रिश्चन राजाने, नजाशीने, मक्केच्या छळातून पळालेल्या मुसलमानांना आसरा दिला आणि त्यांना परत न्यायला आलेल्या कुरैशच्या वकिलांना रिकाम्या हाती पाठवलं. हे ऐकून आपले डोळे भरतात. बाहेर आल्यावर निर्वासिताला अकरा महिन्यांचा करार करून द्यायला आपला हात थरथरतो.

मागायचं काय, ते स्पष्ट मागू या.

एक, कायद्यातला धर्माचा रकाना काढा. छळाला घाबरून आलेल्या प्रत्येकाला पाच वर्षांची तीच मुदत द्या. पुराव्यांची वीस कागदांची यादी तयारच आहे, ती सगळ्यांना लावा. नवं काही शोधायचं नाही.

दोन, माणसाची साक्ष पुरावा माना. चारित्र्यासाठी भारतीय नागरिकाचं प्रतिज्ञापत्र चालतं. 'हा माणूस चांगला आहे' हे सांगणाऱ्या शेजाऱ्यावर विश्वास ठेवता, मग 'हा माणूस सात वर्षं माझ्या शेजारी राहतो' हे सांगणाऱ्यावर का नाही? गावाला ग्रामसभा आहे, शहराला वॉर्ड आहे. तिथे नाव वाचून दाखवा, हरकती मागवा.

तीन, नोंदी सरकारने शोधाव्यात. २०२३ साली न्यायमूर्ती संदीप शिंदे समिती नेमली, तेव्हा महाराष्ट्रातल्या तहसील कचेऱ्यांनी जुनी दप्तरं सोडली, मोडीचे जाणकार बसवले, कुणबी नोंदी शोधून जिल्ह्यांच्या वेबसाइटवर टाकल्या. लाखो नोंदी सापडल्या. मराठा बांधवांसाठी हे झालं, चांगलं झालं. पण त्यातून एक गोष्ट सिद्ध झाली. सरकारने मनावर घेतलं तर दप्तर उघडतं. मग कातकऱ्यासाठी, तांबोळ्यासाठी ते का उघडू नये? आणि निर्वासिताची तर बारा वर्षांची नोंद पोलिसांच्याच फायलीत आहे. ती त्याने पुन्हा कुठून आणायची?

चार, आईबापाच्या मयतीला गेलेले दिवस सलगता तोडणार नाहीत, असं लिहा. आणि सरकारी कागद उशिरा आला, तर तो उशीर अर्जदाराच्या माथी मारू नका.

पाच, निर्वासितांचा कायदा करा. १९५१ च्या निर्वासितविषयक आंतरराष्ट्रीय करारावर भारताची सही नाही आणि आपला स्वतःचा कायदाही नाही. संसदेत खासगी विधेयकं आली, पुढे काही झालं नाही. त्यामुळे निर्वासित हा शब्दच आपल्या कायद्यात बेघर आहे.

हे सगळं होईल तेव्हा होईल. तोवर तुमच्या हातात काय आहे? तुमच्या घरात भाडेकरू असेल, तर या आठवड्यात नोंदवलेला करार करा. परदेशी असेल, तर २४ तासांचा फॉर्म भरा. भाडं बँकेतून घ्या आणि पावती द्या. मशिदीत किंवा मंडळात कागदपत्रांचं शिबिर घेता, तेव्हा दारात 'फक्त आपल्या लोकांसाठी' असं ठेवू नका. कातकरी वाडीतही एक दिवस टेबल मांडा. शिकलेल्या पोरींनी, पोरांनी हा कायदा वाचा. मौलवींच्या बयानाइतकाच मन लावून वाचा.

नसरापूरच्या माणसाचा अर्ज अजून गेलेला नाही. आम्ही ते आठ महिने भरून काढतोय. त्या काळातली मेसची वही सापडली आहे, ग्रंथालयाच्या पावत्या आहेत, एका डॉक्टरांची चिठ्ठी आहे. धनकवडीच्या जुन्या घरमालकीणबाई, एक मराठे बाई, स्वतः एसटीने भोरला आल्या. आपल्या चौघा घरमालकांच्या दारी मी तीनदा गेलो होतो. त्यांच्यातला एकही आला नव्हता. बाईंनी माझ्या टेबलावर बसून प्रतिज्ञापत्रावर सही केली आणि विचारलं, "अजून कुठं सांगायला यायचं असेल तर सांगा, मी येते."

अब्बा तेव्हा दुकानातच बसले होते. ते काही बोलले नाहीत. पण बाई निघाल्या तेव्हा त्यांनी विडा लावून दिला आणि पैसे घेतले नाहीत.